चौदा खुणांचा अर्ज

राज्याच्या कृषी संस्थेच्या यादीत आपले नाव लागावे, अशी एकदा एका तरुणाला फार उत्कंठा लागली. यादी तांत्रिक सल्लागारांची होती. शेतात काही बिघडले, की शेतकरी तिच्यात बघून माणूस बोलावतो आणि तो सांगेल तसे करतो. तरुण पदवीधर होता, शिवाय दोन वर्षे एका वृद्ध मृदातज्ज्ञाच्या हाताखाली शिकला होता. 'कोणत्या विषयांत साहाय्य द्याल?' या प्रश्नाखाली अर्जात चौदा चौकटी होत्या. माती, पाणी, कीड, फळबाग, अगदी पशुधनसुद्धा. तळाशी 'इतर' म्हणून एक रिकामी ओळ. पठ्ठ्याने चौदाच्या चौदा चौकटींत खुणा केल्या! जेवढ्या खुणा तेवढी बोलावणी, एवढे साधे गणित. आता शिफारशीसाठी त्या वृद्ध गुरुजींची सही हवी होती. मुदत उद्या संपणार होती आणि पुढची यादी तीन वर्षांनी.

गुरुजींनी अर्ज वाचला, त्याची घडी घातली आणि सही न करताच खिशात ठेवला.

"फावडं घे," ते म्हणाले. "कौतिकाबाईंच्या बागेत जायचंय."

कौतिकाबाईंनी बारा वर्षे एकटीने संत्र्याची बाग सांभाळली होती. आता पाने पिवळी पडून फांद्या वाळत होत्या. तरुणाने चार झाडे पाहिली न पाहिली, तोच निदान सांगितले. "लोह कमी पडलंय, बाई. फवारणी करा, महिन्यात हिरवीगार होईल."

"तीनदा केली जी," बाई थकल्या आवाजात म्हणाल्या. "आता सोमवारी झाडं तोडणारे येतात."

गुरुजींनी काठीने एका झाडाजवळ रेघ ओढली आणि म्हणाले, "इथं खण. छातीइतकं खोल."

सही राहिली बाजूला आणि हे काय गड्याचं काम! तरुण मनातल्या मनात चरफडत होता, पण खणत होता. चिकण माती फावड्याला सोडत नव्हती. दुपार कलली तेव्हा कुठे खड्डा झाला. मग सत्तरी ओलांडलेल्या गुरुजींनी काठावर चपला काढल्या, शिष्याच्या खांद्याला धरून आत उतरले आणि तळाशी चक्क बसून राहिले. अर्धा तास भिंतीचा एकेक थर न्याहाळत होते. शेवटी चाकूने खड्ड्याची भिंत हलकेच खरवडत ते बोलू लागले.

"ही मुळी बघ. दीड फुटावर आली आणि आडवी वळली. टोक काळं पडलंय. आता खाली हात लाव."

खालची माती गार, राखाडी, आणि तिच्यावर गंजासारखे ठिपके. वासही आंबूस.

"इथं दर पावसाळ्यात पाणी तुंबतं. मुळं गुदमरतात, आणि आपण वर पानांना औषध पाजतो." आणखी खाली बोटभर जाडीचा वाळूचा पट्टा निघाला. त्यातून एक पांढरा शंख काढून गुरुजींनी तळहातावर ठेवला. "इथून कधीकाळी पाणी वाहत असावं."

काठावरून बाई ओरडल्याच, "अगं माय! माही आजेसासू सांगे, इथं नाला होता म्हणून. बुजवून बाग लावली. तुम्हाले कोणी सांगितलं जी?"

तरुणाच्या अंगावर सर्रकन काटा आला. ज्या जमिनीवरून तो जन्मभर चालला, तिच्यात एवढे सगळे होते, आणि त्याला त्यातले अक्षरही ठाऊक नव्हते. त्याने नकळत हात जोडले. गुरुजींना की त्या भिंतीला, हे त्यालाही कळले नाही.

"बाई, झाडं तोडू नका," गुरुजी म्हणाले. "दोन ओळींमधून उताराकडे खोल चर काढा. पाण्याला वाट द्या. सगळी नाही, पण पुष्कळ झाडं वाचतील."

मग त्यांनी खिशातून अर्ज काढला. "यादीत माझ्या नावापुढं एकच खूण आहे, मातीची. चाळीस वर्षं खड्ड्यांत उतरतोय, तरी बाई नाल्याचं बोलेपर्यंत माझीही खात्री नव्हती. बाळा, तू खूण करतोस तिथं कुणीतरी आपली बारा वर्षं ठेवणार असतं. ती पेलशील तेवढ्याच खुणा कर. मी सही करतो."

तरुणाने खड्ड्यातच उभे राहून एकेक खूण खोडली. मातीपाशी हात थबकला. तीही खोडली. मग 'इतर'च्या ओळीत त्याने लिहिले : 'खड्डा खणून बघेन. कळले नाही तर जाणत्याला घेऊन येईन.' गुरुजींनी ते दोनदा वाचले आणि सही केली. कागदावर त्यांच्या अंगठ्याची माती उमटली.

पुढे बागेला नवी पालवी फुटली. यादी लागली, तेव्हा त्याचे नाव 'इतर'खाली, सर्वांत शेवटी होते. पहिलेच बोलावणे कौतिकाबाईंच्या शेजाऱ्याचे आले. "तुम्हीच का जी ते," त्याने फोनवर विचारले, "जे सांगण्याआधी खणतात?"

"हो," तरुण म्हणाला, आणि फावडे घेऊन निघाला.