घरची का विकायची?

आपल्या पणज्यांच्या पणज्या परकर नेसून गजगे खेळत होत्या, तेव्हाची ही गोष्ट. उंबरदऱ्याला तेव्हाही सोमवारी बाजार भरायचा, आणि चिंचेखालच्या जागेवर गोजराबाई माळीण बसायची. तिनं "मुळं घ्या, मुळं!" अशी हाळी दिली की पलीकडच्या गावातल्या म्हशी दचकून उठायच्या, असं म्हणतात. तिची पाटी साऱ्या बाजारात हिरवीगार. बघूनच माणूस पिशवी पुढे करायचा.

या हिरवेपणाचं गुपित सगळ्या माळणींना ठाऊक होतं. बाजाराच्या वाटेवर ओढा लागायचा. तिथं प्रत्येक माळीण पाटी उतरवायची, जुड्या पाण्यात बुचकळायची आणि वर ओलं फडकं टाकायची. भाजी टवटवीत दिसायची, वजनालाही भरायची. आता त्याच ओढ्यात वरच्या अंगाला गावच्या म्हशी डुंबायच्या, आणि भल्या सकाळी गडीमाणसं लोटे घेऊन त्याच काठानं जायची. हे काय कुणाला माहीत नव्हतं? होतं की! म्हणून तर प्रत्येकीच्या घरी एक जुडी बाजूला काढलेली असायची. टेकडीवरच्या देवीच्या झऱ्याचं पाणी प्यायला आणायच्या, त्यातल्या तांब्याभर पाण्यानं ती धुवायच्या. ती जुडी घरची, बाकीच्या विकायच्या. यात काही वावगं आहे असं कुणाच्या मनात आलं नाही. गोजराबाईच्याही नाही. चालत आलेली रीत होती, आणि रीतीला प्रश्न कोण विचारतो?

गोजराबाईला एक नात होती, ठमी. मोठी खादाड पोर. एका सोमवारी आजी गिऱ्हाइकाशी घासाघीस करण्यात गुंतलेली असताना तिनं पाटीतला मुळा उपसला आणि पाल्यासकट कराकरा खाऊन टाकला. मग काय व्हायचं? पोरीला जुलाब लागले, पोटात मुरडा उठला. पुढे अंगही धरेना. वावडिंगाचा काढा पाजला तेव्हा पोटातून जंत पडले, आणि सगळ्या घराच्या तोंडचं पाणी पळालं. गोजराबाई नातीच्या उशाशी बसून रडली आणि टेकडीकडे तोंड करून तिनं हात जोडले. "आई, पोर उठू दे. पुन्यांदा वढ्याचा थेंब भाजीला लावणार न्हाई."

देवीनं ऐकलं, वावडिंगानंही ऐकलं. पोर उठून बसली. आजीनं हरखून तिच्यापुढं भाकरी आणि कोवळी मेथी ठेवली. ठमीनं मेथीकडे बघितलं, मग आजीकडे बघितलं.

"आज्जे, ही घरची का इकायची?"

पोरीनं सहजच विचारलं, पण गोजराबाईच्या काळजात चर्र झालं. "घरची हाय गं माझे बाई," ती म्हणाली. ठमीनं भाकरी खाल्ली आणि मेथी हळूच आजीकडे सरकवली.

पुढच्या सोमवारी गोजराबाई पाटी घेऊन आधी टेकडी चढली. झऱ्यावर एकेक जुडी धुतली आणि मग उतरून बाजारात आली. तोवर ऊन वर आलेलं, भाजीनं माना टाकलेल्या. गिऱ्हाईक येई, बघे आणि पुढं जाई. शेजारच्या हौसा माळणीला हसू आवरेना.

"गोजरे, भाजी आणलीस का गुरांची वैरण?"

सारी रांग खदखदली. गोजराबाई उठली. तिनं स्वतःच्या पाटीतला मुळा घेतला आणि सगळ्यांदेखत चावून खाल्ला.

"म्या माझी खाल्ली, वढ्यात न्हाई बुचकळली ती. हौसे, आता तू तुझी खा. कच्ची."

हौसा चाचरली. "मला... मला आज सोमवारचा उपास हाय."

"आन् मघाशी भजी खाल्लीस ती काय फराळाची व्हती?"

आता गिऱ्हाइकं हसली. गोजराबाई रांगेनं पुढं निघाली. एकीची दाढ दुखत होती, एकीला मुळा वातूळ पडायचा, एकीनं तर पदरच तोंडावर ओढून घेतला. हसणारी गिऱ्हाइकं आपापल्या पिशव्यांत डोकावू लागली. शेवटी कडेवर लेकरू घेतलेली एक बाई पुढं आली. "तुमच्या तोंडात जात न्हाई, ते आमच्या पोरांच्या पोटात कसं गं घालता?"

पण माणसं वाईट नव्हती, रीत वाईट होती. हौसाच आधी उठली. "चल गोजरे, कुठं धुतलीस ते दाव," म्हणाली. त्या दिवसापासून साऱ्या माळणी पाट्या घेऊन टेकडी चढू लागल्या. असं म्हणतात की त्यांच्या ओल्या पाट्यांतून उतरणीवर पाणी ठिबकायचं, आणि जिथं थेंब पडायचा तिथं झरा दबक्या पावलांनी मागं मागं यायचा. एका सोमवारी बघतात तर झरा टेकडी उतरून चिंचेखाली येऊन बसलेला! गोजराबाईनं कमरेवर हात ठेवून त्याला दटावलं, "आत्ता आलास व्हय? गुडघं गेलं की रं माझं!" काही जण म्हणतात, गावानंच पाट खणून पाणी खाली आणलं. खणला असेलही. पण पाणी आलं ते गोजराबाईच्याच पाऊलवाटेनं.

त्या दिवशी ठमीही बाजारात होती. भाजी धुवून हिरवीगार झालेली. पोरीनं पाटीवर बोट ठेवलं आणि भर बाजारात विचारलं, "आज्जे, ही घरची का इकायची?"

"आता एकच हाय, बाळे."

ठमीनं मुळा उचलला आणि कराकरा खाल्ला. गोजराबाईनं आनंदानं अशी हाळी दिली की पलीकडच्या गावातल्या म्हशी त्या दिवशी संध्याकाळपर्यंत खाली बसल्याच नाहीत, असं म्हणतात.

आजही उंबरदऱ्याच्या बाजारात चिंचेखालच्या पाण्याला गोजराबाईचं पाणी म्हणतात, आणि त्यात धुतल्याशिवाय पाटी मांडत नाहीत. बाहेरगावचा कुणी चुकून तशीच मांडायला लागला, तर त्याला रागावत नाहीत, नुसतं बोटानं पाणी दाखवतात. पाट्या मांडून झाल्या की बाजारात आलेली सगळ्यात लहान पोर रांगेपुढून चालत जाते आणि एकेका पाटीवर बोट ठेवून विचारते, "ही घरची का इकायची?" विकणारा आपल्या पाटीतलं एक पान तोडून तिच्यादेखत खातो आणि म्हणतो, "एकच हाय, बाळे." तेवढं झालं की तागडी उचलतात.