गेनबाची म्हैस आणि ठाण्यातले मोठे साहेब

एका गावात गेनबा नावाचा एक भोळा माणूस होता. सांगितलेलं तंतोतंत ऐकायचा, आणि घोटाळा तिथंच व्हायचा.

एके सकाळी त्याची म्हैस चोरीला गेली. घरात दुभतं जनावर तेवढं एकच. बायको हौसा रडत रडत म्हणाली, "ठाण्यात जावा. आन् मोठ्या सायबालाच सांगा. म्हशीबिगर घरात पाऊल टाकू नका."

गेनबा ठाण्यात गेला. टेबलामागं खाकीतल्या एक बाई बसल्या होत्या. कोपऱ्यातल्या बाकावर एक झुपकेदार मिशांचा गडी होता. एवढ्या मिशा म्हणजे हाच मोठा साहेब! गेनबानं त्याला कडक सलाम ठोकला आणि सगळी हकीकत सांगितली. गोठ्याला कडी नाही, हेसुद्धा सांगितलं.

बाई म्हणाल्या, "अरे, तो पाकीटमार आहे. आत्ताच धरून आणलाय."

"मग मोठं सायब कुठायत?"

"मीच. इन्स्पेक्टर घोरपडे. मिशा नाही बघायच्या, खांदा बघायचा. शिपायाला तारा नसतो, फौजदाराला दोन, मला तीन. तारे जास्त, तेवढा हुद्दा मोठा. उद्या म्हशीचा फोटो आणून दे."

"चुकलो बाई. आता ध्यानात ठेवतो."

दुसऱ्या दिवशी हौसानं दारातूनच दिलेला फोटो घेऊन गेनबा निघाला. वाटेत एक वरात लागली. पुढं बँडमास्तर. खांद्यावर तारेच तारे, वर सोनेरी झालर! बाईंचे तर तीनच. गेनबानं सलाम ठोकून फोटो त्याच्या हातात दिला.

"सायब, म्हैस घावंल न्हवं?"

बँडमास्तरच्या तोंडात क्लॅरिनेट होती. त्यानं मान डोलावली, फोटो खिशात घातला आणि वाजवत पुढं गेला. गेनबा निर्धास्त घरी आला. म्हैस नाही बघून हौसानं त्याला तसाच ठाण्यात परत पाठवला.

घोरपडेबाईंनी कपाळावर हात मारला. "अरे, कपड्यांवर जाऊ नकोस! उद्या जनावरांच्या बाजारात आमचीच माणसं साध्या कपड्यांत असतील. मीही असेन. कुणी दिसलं तरी हटकायचं नाही आणि ओळख दाखवायची नाही. समजलं?"

"चुकलो बाई. आता ध्यानात ठेवतो."

बाजारात गेनबाला त्याची म्हैस दिसली. साध्या कपड्यांतला एक माणूस तिला टेम्पोत चढवत होता. गेनबाचा ऊर भरून आला. पोलिसांनी म्हैस शोधली की! त्यानं हटकलं नाही. म्हशीनं मात्र गेनबाला ओळखलं, ती हंबरली आणि पाय रोवून उभी राहिली.

"पाव्हणं, जरा हात लावता का?" तो माणूस म्हणाला.

गेनबानं मागून जोर लावून म्हैस टेम्पोत चढवली. फळीही स्वतः लावली.

तेवढ्यात पलीकडून लुगडं नेसलेली एक भाजीवाली पाटी टाकून धावत सुटली. त्या घोरपडेबाई होत्या.

"गेनबा! चोर आहे तो! टेम्पो अडव!"

गेनबानं त्यांना बरोबर ओळखलं. लगेच तोंड फिरवलं आणि आभाळाकडं बघत म्हणाला, "कोण बाई तुम्ही? म्या न्हाई वळखत."

टेम्पो धुरळा उडवत वळणापलीकडं गेला. बाई धापा टाकत उभ्या राहिल्या. आजूबाजूला कुणी नाही असं बघून गेनबा त्यांच्याजवळ सरकला आणि हळूच म्हणाला, "या बारीला न्हाई ना चुकलो, बाई?"