खासदारसाहेबांचा मुक्काम

पाहुणा चार दिवसांसाठी आला होता. आता सहावा महिना लागला तरी जात नव्हता.

पाहुणा साधा नव्हता. टर्विल साहेब म्हणजे विलायतेच्या पार्लमेंटचा खासदार. वाघापूर संस्थानात तो शिकारीला आला. शिकार एका सशाचीही झाली नाही, पण वाड्यातला कोंबडीचा रस्सा त्याला मानवला. जाण्याचा विषय निघाला की तो मिशीवरून हात फिरवून म्हणे, "राजेसाहेब, तुमच्या संस्थानाबद्दल मी अजून पार्लमेंटात एकही प्रश्न विचारलेला नाही." मग राजे सर्जेराव विषय बदलत. असल्याच एका प्रश्नावरून शेजारच्या राजाची गादी गेली होती.

दिवाणाने ज्योतिष्याकडून वदवलं, की इथे राहणं साहेबांच्या ग्रहांना बरं नाही. साहेब म्हणाला, ग्रह बदलेपर्यंत थांबतो. मुदपाकखान्याने रश्श्यात मिरची दुप्पट घातली. साहेब पाणी दुप्पट प्यायला आणि रस्सा तिप्पट.

एके सकाळी गोजरा परटीण कपड्यांचं गाठोडं घेऊन वाड्यात आली. राजे ओसरीवर चिडून बसले होते.

"एवढं मोठं गाठोडं कुणाचं गं?"

"पाहुण्यांचं, सरकार. सदरे धुऊन धुऊन विरले. पाहुणे काही विरंनात."

दिवाण हसला. राजे हसले नाहीत.

"जीभ फार चालते तुझी. मग तूच घालव त्याला. पण जा म्हणायचं नाही. अपमान करायचा नाही. खोटं बोलायचं नाही. ताटातला एक पदार्थ कमी करायचा नाही. दसऱ्याच्या आत तो गेला नाही, तर धुण्याचा घाट सोडायचा. माझ्या हद्दीत पुन्हा कपडा धुवायचा नाही."

घाट गेला तर गोजरेची चूल विझणार होती. घरात दुसरा धंदा कुणाला येत नव्हता. "बरं, सरकार," एवढंच म्हणून ती साहेबाच्या खोलीकडे गेली.

साहेब आरामखुर्चीत पडला होता. तरुणपणी तो इकडेच पलटणीत होता, म्हणून त्याला मराठी येई.

"सायेब, तुमी तिकडं काम काय करता?"

"पार्लमेंटात बसतो. तीस वर्षं झाली."

"बसता. आन् मग?"

"मग घंटा वाजते. मी उठतो. दोन वाटा असतात, एक होकाराची, एक नकाराची. पक्षाचा माणूस दाखवील त्या वाटेने जातो. तिथे आमची डोकी मोजतात. त्याचा कायदा होतो."

"कसला कायदा?"

"ते दुसऱ्या दिवशी पेपरात कळतं."

गोजरेने सदऱ्यांची घडी घातली. "लोक तुमालाच कसं काय निवडत्यात?"

"पहिल्यांदा सोपं होतं. सगळं गाव माझ्या सासऱ्याच्या घरांत भाड्याने राहायचं. मत द्यायचं ते सगळ्यांसमोर. पुढे गुप्त मतदान आलं आणि कष्ट वाढले. नदीवर पूल बांधून देतो, असं सांगावं लागलं."

"मग बांधला?"

साहेबाने तिच्याकडे दयेने पाहिलं. "बाई, पूल बांधला तर पुढच्या निवडणुकीत काय सांगू?"

"लोक इचारत न्हाईत?"

"विचारतात की. म्हणून तर मी प्रवास फार करतो."

गोजरा तशीच राजांपुढे जाऊन उभी राहिली.

"सरकार, पाहुण्यांची सरबराई कमी पडतीया."

"अजून कमी?" राजे उसळले.

"एकटा जीव हाय. त्यांच्या गावची मान्सं बी बोलवा. जाण्यायेण्याचा खर्च संस्थानाचा."

दिवाणाने कपाळाला हात लावला. पण राजांनी आपल्याच अटी आठवून पाहिल्या. जा म्हटलेलं नव्हतं. अपमान नव्हता. खोटं नव्हतं. ताट तर वाढतच होतं. त्यांनी निमंत्रण धाडलं.

भाद्रपद सरता सरता मुंबईहून तार आली. दुपारच्या जेवणाला राजांनी साहेबाला हसतमुखाने सांगितलं, "साहेब, तुमच्या गावची माणसं भेटायला येत आहेत. बोट मुंबईला लागली."

साहेबाचा चमचा हवेतच राहिला. "कोणती माणसं?"

"तुमचे मतदार. नदीपलीकडचे. साहेबांना एकच गोष्ट विचारायची आहे म्हणतात."

"इथे कधी पोचतील?"

"परवा."

साहेबाने तोंड पुसलं. त्याला पार्लमेंटातलं फार निकडीचं काम आठवलं. तीस वर्षांत हे प्रथमच घडत होतं. रस्सा अर्धा टाकून तो उठला आणि ऊन उतरायच्या आत घोडागाडीत बसला. गाडी त्याने मुंबईच्या रस्त्याला घेऊ दिली नाही. मद्रासकडे वळवली.

ठरल्या दिवशी वीस-बावीस माणसं वाड्यापुढे उतरली. कुणी लोहार, कुणी गवळी, कुणी पाव भाजणारा. साहेब गेला हे ऐकून कुणालाच नवल वाटलं नाही. म्हातारा लोहार दुभाष्याला म्हणाला, "तिकडेही असंच होतं. आम्ही पुढच्या दाराने आलो की ते मागच्या दाराने गेलेले असतात."

राजांनी त्यांना जेवायला बसवलं आणि गोजरेला बोलावणं धाडलं. ती आली तेव्हा त्यांच्या कपाळावर आठ्या होत्या.

"एक घालवलास आणि वीस आणलेस. आता यांना कोण घालवणार?"

"त्यांची काळजी करू नगा, सरकार. चार दिस ऱ्हातील आन् आपल्या पायानं जातील," गोजरा म्हणाली. "ती काय खासदार न्हाईत. त्यास्नी घरी कामं हाईत."

राजे असे हसले, की पंगतीतली विलायती माणसं काही न कळताच हसू लागली. दुभाष्याने त्यांना अर्थ सांगितला, तेव्हा ती दुसऱ्यांदा हसली, आणि म्हातारा लोहार सर्वांत जास्त.

राजांनी घाट गोजरेला वंशपरंपरेने इनाम दिला. वर एक दुभती म्हैस दिली.