हणमंताची मोठी बॅटरी

घाटमाथ्यावरच्या एका गावात हणमंत नावाचा हौशी गडी राहत होता. पंचक्रोशीतली सर्वांत मोठी बॅटरी त्याच्या इलेक्ट्रिक बाइकला होती. म्हणून यंदा जत्रेची ज्योत आणायचा मान गावाने त्याला दिला. हणमंताचे पाय जमिनीवर ठरेनात.

गावच्या देवीच्या थोरल्या बहिणीचे देऊळ घाटाखाली होते. तिथे पेटवलेली ज्योत दिवस मावळायच्या आत वर आणायची आणि तिने गावची दीपमाळ उजळायची, अशी रीत होती. उशीर झाला, तर दीपमाळ वर्षभर अंधारी राहायची.

हणमंत निघाला तो वाऱ्यासारखा. मागे बायको सुभद्रा बसली होती. बाइकला रंगीत दिव्यांच्या माळा, पुढे दणदणता स्पीकर, आणि सगळे त्याच बॅटरीवर. खालच्या गावात लोकांनी टाळ्या पिटल्या, तसा तो भरधाव देवळाभोवती फेऱ्या मारू लागला.

सुभद्रा म्हणाली, "अहो, टाकी केवढीही असो, नळ पुरता सोडला तर रिकामीच होणार."

हणमंताने हसून आवाज आणखी वाढवला.

ज्योत पेटली. सुभद्राने ती हाती धरली आणि बाइक घाटाला लागली. पहिली वळणे झपाझप मागे पडली. मग बॅटरीची पट्टी लाल झाली आणि वेग आपोआप उतरला. हणमंताने घाईघाईने दिवे, स्पीकर बंद केले, पण फार उशीर झाला होता. सूर्य डोंगराला टेकला आणि बाइक जागीच थांबली. वरून ढोल ऐकू येत होता.

तेवढ्यात शेजारची शेवंता फुलांची टोपली घेऊन मागून आली. तिच्या बाइकची बॅटरी हणमंताच्या निम्मीही नव्हती, पण दिवसभर तिने गाडी बेताने चालवली होती.

"भावजी," ती म्हणाली, "माझ्या गाडीत घाट चढण्यापुरता जीव आहे. दोघींना नेईल, तिघांना नाही."

हणमंताच्या हाती आलेला मान निसटत होता. त्याने ज्योतीकडे पाहिले, सूर्याकडे पाहिले. मग शेवंताची टोपली आपल्या बाइकवर ठेवून तो सुभद्राला म्हणाला, "बस तिच्या मागं. दीपमाळ अंधारी राहता कामा नये."

शेवटचे ऊन विझता विझता दीपमाळ पायापासून शेंड्यापर्यंत उजळली. सारा गाव आनंदाने नाचू लागला. बऱ्याच वेळाने हणमंत बाइक ढकलत घामाघूम होऊन पोचला.

म्हातारे पाटील म्हणाले, "बॅटरी मोठी खरी, पण घाट तिच्याहून मोठा निघाला की रे."

सगळे हसले. हणमंतही हसला, आणि ढोलाच्या तालावर त्यांच्यात मिसळून गेला.

तात्पर्य: शक्ती नुसती मोठी असून भागत नाही, ती खऱ्या कामासाठी राखावी लागते. आणि संपलीच, तर स्वतःच्या मानापेक्षा काम मोठे मानावे.