नसलेल्या वाक्याची संथा

"पण ते वाक्य कुठल्या उपनिषदातलं, यज्ञेश्वर?"

नृसिंहशास्त्रींनी हे इतकं सहज विचारलं, की यज्ञेश्वरच्या हातातला पाण्याचा तांब्या तोंडाशी तसाच राहिला.

त्या एका वाक्याच्या जोरावर नदीपलीकडच्या गावची वादसभा जिंकून तो नुकताच परतला होता. समोर कोण, तर अनंतशास्त्री! भल्याभल्यांना घाम फोडणारा माणूस. सभेत मिळालेली शाल यज्ञेश्वरच्या अंगावर होती, आणि खरं सांगायचं तर एवढ्या उकाड्यातही वाटेत ती त्यानं काढली नव्हती. गुरुजी पाठीवर हात ठेवतील, एवढ्यासाठी तो भराभरा पाय उचलत आला होता.

"आहे एका जुन्या शाखेत," तो म्हणाला. "फारसं कुणी म्हणत नाही."

"असं?" गुरुजी पुढे सरकले. "मग अनंतशास्त्री काय म्हणाले?"

"गप्पच झाले! मग माझ्याकडून वाक्य पुन्हा म्हणवून घेतलं. म्हणाले, माझ्या कानावर हे कधी आलंच नव्हतं. उद्या पहाटे मुलांना याचीच संथा देतो."

संथा म्हणजे गुरूनं एकदा म्हणायचं, शिष्यानं दोनदा. पुस्तक नाही, कागद नाही. या तोंडातून त्या कानात. एकदा बसलं की मरेपर्यंत जात नाही, आणि जाताना माणूस ते पुढच्याला देऊन जातो.

गुरुजी गुडघे धरत उठले. आपलं आसन पंच्यानं झटकलं.

"बस इथं."

"मी? आपल्या आसनावर?"

"बस म्हणतो ना!"

बसला बिचारा. आतून हुरळलाच होता. गुरुजी मात्र खाली चटईवर, शिष्यांच्या जागी मांडी घालून बसले आणि त्यांनी हात जोडले.

"दे संथा. सगळा जन्म यात गेला आणि एवढं एक वाक्य राहूनच गेलं बघ. सावकाश म्हण हो, आता पूर्वीसारखं पटकन लक्षात राहत नाही."

यज्ञेश्वरनं त्यांच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. थट्टा असती तर फार बरं झालं असतं. पण थट्टा नव्हती. म्हातारा डोळे मिटून, मान पुढे करून, खरोखर कान देऊन बसला होता. केवढा मोठा माणूस... आणि शिकायचं म्हटल्यावर किती सहज खाली बसला!

यज्ञेश्वरनं तोंड उघडलं. सभेत घडाघडा निघालेलं वाक्य घशाबाहेर येईना.

"म्हण ना..."

"गुरुजी..."

"हं."

"ते कुठंच नाही. मीच रचलं... तिथंच, उभ्या उभ्या. हरायला आलो होतो."

गुरुजींनी डोळे उघडले नाहीत.

"पण अर्थ खरा होता!" यज्ञेश्वर घाईघाईनं म्हणाला. "सिद्धांत आपणच शिकवलेला. मी खोटं काही सिद्ध केलं नाही."

"मग माझं वाक्य आहे, असं का नाही सांगितलंस?"

यज्ञेश्वरला डोळ्यांपुढे पलीकडच्या गावची मुलं दिसली. पहाटे ओळीनं बसतील, त्याचं वाक्य दोन-दोनदा म्हणतील. पुढे मोठी होतील, आपल्या शिष्यांना देतील. त्यानं रचलेलं वाक्य उपनिषदातलं म्हणून चालतच राहील.

तो आसनावरून उतरला तो थेट गुरुजींच्या पायांशी. शाल काढली, घडी केली.

"ही परत करतो. अनंतशास्त्रींना चारचौघांत खरं सांगतो. माझं काय व्हायचं ते होऊ दे. पण गुरुजी, लोक आपल्याला बोल लावतील. आपलं नाव जाईल."

"माझं नाव कुणी पाठ करत नाही, रे."

यज्ञेश्वरचे डोळे भरून आले. या माणसापाशी आपण शिकलो, हे त्याला त्या क्षणी शालीपेक्षा कितीतरी मोठं वाटलं. बाहेर दिवेलागण होत आली होती. त्यानं नाक पुसलं.

"सकाळी उजाडलं की निघतो."

नृसिंहशास्त्री पुन्हा गुडघे धरत उठले. खुंटीवरचा कंदील काढला, काच पुसली, वात पेटवली आणि कंदील त्याच्या हातात दिला.

"त्यांची संथा उजाडायच्या आत सुरू होते."