उजव्या कोपऱ्याचा शेजारी

"मग लावायची का न्हाई बिरूच्या नावाची पाटी? तुम्हीच सांगा, वस्ताद."

वस्ताद मैदानात उकिडवे बसून खडे वेचत होते.

दस्तगीर वस्ताद म्हणजे गावच्या कबड्डीचे गुरू. वय ऐंशीच्या पुढं गेलं. खेळ आता मॅटवर गेला, हॉलमध्ये गेला; मातीच्या मैदानावर शेळ्या रवंथ करतात. तरी दर्ग्यामागच्या या मैदानातले खडे वस्ताद रोज संध्याकाळी वेचतात. पोरांच्या पायाला लागू नयेत म्हणून. कुठल्या पोरांच्या, ते विचारायचं नाही.

प्रश्न विचारणारा होता अभिनंदन मगदूम. एके काळी सांगलीपासून कऱ्हाडपर्यंत त्याला 'कृष्णाकाठची मगर' म्हणायचे. उजव्या कोपऱ्यात उभा राहायचा आणि चढाईला आलेल्या गड्याचा घोटा एकदा धरला की सोडायचा नाही. पुढं पोलीस खात्यात साहेब झाला, निवृत्त झाला, आणि निवृत्त साहेबाचं जे होतं ते त्याचंही झालं. गावच्या कबड्डी मंडळाचा अध्यक्ष झाला.

मंडळाला यंदा साठ वर्षं झाली. त्यानिमित्तानं नव्या हॉलमध्ये मानाची भिंत उभी राहत होती. ज्यांनी गावाचं नाव केलं त्या खेळाडूंच्या पितळी पाट्या तिच्यावर लागणार होत्या. पहिली पाटी कुणाची, हे सांगायला नको. शेवटची जागा मोकळी होती. तिथं त्याच्याच संघातला बिरू सरगर असावा की नसावा यावर समितीत निम्मे इकडं, निम्मे तिकडं. निकाल अध्यक्षाच्या मतावर येऊन थांबला होता, आणि उद्घाटन परवावर आलं होतं.

"वस्ताद..."

"पायात काय हाय?"

अभिनंदननं खाली पाहिलं. बूट. तो मैदानाच्या बरोबर मधोमध बुटासकट उभा होता. या मैदानात पाऊल टाकायचं ते अनवाणी, माती कपाळाला लावून, हे वस्तादांनी त्याला मिसरूड फुटायच्या आधी शिकवलं होतं.

तो बाहेर गेला. बूट काढले, मोजे काढले, परत आला, वाकून माती कपाळाला लावली. वाकताना कमरेनं कुरकुर केली.

"हां. आता बोल."

"समितीतली पोरं म्हणत्यात, बिरू संघात होता, कबूल. पण त्याच्या नावावर पकड दाखवा. एक बी न्हाई. चढाई त्यानं कधी केली न्हाई. मग मानाच्या भिंतीवर कशापायी? पोरांचं म्हणणं हाय."

"पोरांचं, का तुझं?"

अभिनंदन इकडं तिकडं बघायला लागला.

"माझंबी हाय."

"मग तसं बोल की."

वस्तादांनी आणखी दोन खडे उचलून सदऱ्याच्या ओच्यात टाकले.

"खरं हाय पोरांचं," ते म्हणाले. "बिरूनं पकड केली न्हाई. एकपण न्हाई."

अभिनंदनला हे अपेक्षित नव्हतं. भांडायच्या तयारीनं आलेल्या माणसाला दार उघडंच सापडावं, तसा तो गडबडला.

"मग..."

"मग काय? हात मोकळा असता तर केली असती."

ज्यांनी कबड्डी खेळलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. कोपऱ्यातला गडी आणि त्याच्या शेजारचा गडी एकमेकांचा हात धरून उभे राहतात. याला साखळी म्हणतात. चढाईवाला जवळ आला की कोपऱ्यातला त्याच्या पायावर झेप घेतो. शेजारच्यानं हात सोडायचा नाही. झेपेच्या भरात कोपऱ्यातला रेषेबाहेर गेला तर तोच बाद होतो, म्हणून त्याला आत राखायचं काम शेजाऱ्याचं. पकड झाली की माइकवर नाव पुकारतात ते झेप घेणाऱ्याचं. शेजाऱ्याचं नाव घ्यायची पद्धत नाही. घ्यावं असं कुणाच्या मनातही येत नाही.

मगरीचा शेजारी बिरू सरगर होता. पहिल्या सामन्यापासून शेवटच्या सामन्यापर्यंत.

"मी भाषणात त्याचा उल्लेख करणार हाय," अभिनंदन म्हणाला. "सगळी कळसाकडं बघत्यात, पण पायातला दगड..."

"भाषणातलं भाषणात ठेव. बिरू दगड न्हवता."

"तसं न्हवं वस्ताद..."

"मग कसं?"

अभिनंदन वस्तादांसमोर मातीत बसला. परीटघडीच्या पँटची त्यानं पर्वा केली नाही, यावरून काय ते ओळखावं.

"खरं सांगू? भ्या वाटतं. बिरूची पाटी लागली की लोक म्हणणार, मगरीच्या पकडी निम्म्या बिरूच्याच हुत्या. नोकरी काय, कुणीपण करतंय. पोरं पुण्यात. घरात माझं चालत न्हाई. पण अजून कधी बाजारात एखादं म्हातारं 'मगर आली' म्हणतंय, तवा त्या दिवशी दोन घास जादा जात्यात. एवढंच कमावलं मी. त्यातलं निम्मं कसं देऊ?"

यावर वस्ताद हसले नाहीत. मातीचा हात त्यांनी अभिनंदनच्या पाठीवर ठेवला, बराच वेळ तसाच ठेवला. पांढऱ्या शर्टावर पंजा उमटला.

"वाटणारच की, लेकरा," ते म्हणाले.

मग त्यांनी विचारलं, "बिरूनं मागितली का पाटी?"

"त्यो काय मागणार? त्याला आता कायच उमजत न्हाई. त्याची पोरगी आली हुती घरी, मायाक्का. आत ये म्हणलं तर आली न्हाई, पायरीवरच बसली."

"पाटीसाठी?"

"न्हाई. पाटीचं तिनं काढलंबी न्हाई." अभिनंदन आठवून सांगू लागला. "म्हणली, आबांना माणसं वळखू येईनात. मलाबी 'ताई, कुणाच्या तुम्ही' म्हणून इचारत्यात. दिवसभर गप असत्यात. पण दिवस मावळायला लागला की अंगणात येऊन हुबं राहत्यात. उजवा हात बाजूला काढून. बसा म्हणलं तर बसत न्हाईत, जेवा म्हणलं तर येत न्हाईत. पार अंधार पडंपर्यंत हात तसाच. मग हात दुखतोय म्हणून ल्हान पोरावानी रडत्यात. म्हणली, काका, तुम्ही जुनं सोबती, एकडाव येऊन बघा."

"मग?"

"मग मी तिला डॉक्टरचा नंबर दिला. सांगलीत चांगला हाय, मेंदूचा."

"गेला न्हाईस?"

"उद्घाटनाची गडबड हाय वस्ताद. मंडप हाय, पाहुणं हाईत... आणि जाऊन काय करू? ज्याला सोताचं नाव ठावं न्हाई, त्याला पाटीचं तरी काय?"

वस्तादांचे हात थांबले.

ते हळूहळू उठले. ओच्यातले खडे त्यांनी कुंपणापाशी नेऊन टाकले, सदरा झटकला, आणि मध्यरेषेवर येऊन उभे राहिले.

"जा. उजव्या कोपऱ्यात हुबा ऱ्हा."

"आता? वस्ताद, माझं गुडघं..."

"तुझं साठीचं, माझं ऐंशीचं. जा."

अभिनंदन जाऊन उभा राहिला. लोक बघतील म्हणून त्यानं रस्त्याकडं नजर टाकली. रस्त्यावर कुणी नव्हतं. दर्ग्याच्या पलीकडं उसाच्या शेंड्यांवर ऊन लालसर झालं होतं. संघाचा सराव असायचा तो याच वेळेला. कामावरून सुटलेली पोरं दिवस मावळता मावळता इथं जमायची. चेंडू दिसेना झाला तर खेळ थांबतो, पण माणूस दिसेनासा होईपर्यंत कबड्डी चालते, असं वस्ताद म्हणायचे.

वस्ताद वाकले. बोटानं मातीला शिवले, बोट कपाळाला लावलं. आणि मध्यरेषा ओलांडून आत आले.

"कबड्डी, कबड्डी, कबड्डी..."

आवाज बारीक होता. पण दम तोच, लय तीच. म्हातारा डावीकडं सरकला, थांबला, अंगाला हिसडा दिला, आणि एकदम उजव्या कोपऱ्याकडं वळून त्यानं पाय पुढं टाकला. सुरकुतलेला, नखं झिजलेला पाय.

अभिनंदन खाली वाकला. गुडघे दुखले असतील, त्याला ते कळलं नाही. उजवा हात घोट्यासाठी पुढं आला.

आणि डावा हात बाजूला गेला.

आपोआप. बोटं उघडी, तळवा शेजाऱ्याकडं.

वस्तादांनी दम सोडला. दोघंही होते तसेच थांबले.

डाव्या हाताला काहीच लागलं नव्हतं. अभिनंदननं तिकडं मान वळवली. तिथं मैदान होतं, माती होती, आणि त्याचा स्वतःचा हात होता. त्यानं तो खाली घेतला नाही.

"कुणासाठी काढलास?" वस्तादांनी विचारलं.

"मी न्हाई काढला, वस्ताद. त्यो आपणच..."

"ठावं हाय."

वस्ताद धापा टाकत खाली बसले. अभिनंदन तसाच वाकलेला होता. त्यालाही त्यांनी हाताला धरून बसवलं.

"तासगावचं सामनं आठवत्यात?"

"इसरीन कसा? तिथंच मगर नाव पडलं."

"उपांत्य सामना. शेवटची चढाई. घोटा धरलास, पण झेप लांब गेली. अख्खा रेषेबाहेर निघाला हुतास. मागं कुणी वढलं?"

"...बिरूनं."

"त्या वढीत त्याची दोन बोटं मोडली."

"मोडली?" अभिनंदननं विचारलं.

"तू लोकांच्या खांद्यावर हुतास. गुलालात तोंड दिसत न्हवतं तुझं. मंडपामागं नेऊन मी कामट्या लावून बांधली त्याची बोटं. वरडला न्हाई. एकच म्हणला. वस्ताद, मगरीला सांगू नगा. उद्या माझा हात धराय भ्याईल."

"पण दुसऱ्या दिवशी अंतिम सामना त्यो खेळला..."

"कामट्या काढून खेळला. तुला दिसाय नगं म्हणून."

अभिनंदननं आपला डावा हात मांडीवर घेतला. अंतिम सामना शेवटपर्यंत अटीतटीचा झाला होता. त्या दिवशी त्यानं शेजारचा हात किती आवळून धरला होता ते त्याला आठवलं. मनाला नाही, पंजाला आठवलं. तो हात एकदाही मागं सरकला नव्हता. सामना संपल्यावर बिरू हात काखेत घेऊन लांब बसला होता आणि आपण त्याला ओरडलो होतो, अरे गुलाल खेळायला ये की, असा कसा माणूस तू.

त्याचे डोळे भरून आले. साहेब असताना कुणासमोर रडला नव्हता, तो आता वस्तादांसमोर नाक पुसत बसला.

"कधी सांगितलं न्हाईसा मला."

"त्यानं सांगू नगा म्हणलं हुतं."

"मग आज कसं सांगितलं?"

"आज त्यो इसरला," वस्ताद म्हणाले. "कुणीतरी ध्यानात ठेवाय पायजे."

दर्ग्यातल्या बाईनं उदाचं धुपाटणं बाहेर आणून ठेवलं. वास मैदानापर्यंत आला. वस्ताद उठले आणि पुन्हा खडे शोधू लागले, जणू मघाशी मध्येच काम राहिलं होतं.

अभिनंदनही उठला. शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं.

"पाटी लावतो, वस्ताद. शेवटाला न्हवं, माझ्या पाटीच्या डाव्या अंगाला. मधी जागा न ठेवता."

"पाटीचं तुझं तू बघ."

अभिनंदन बूट हातातच घेऊन कुंपणापर्यंत गेला. बिरूचं घर ओढ्यापलीकडं, धनगरवाड्यात. चालत गेलं तर फार लांब नाही. गाडी त्यानं तिथंच राहू दिली. दोन पावलं गेला आणि परत वळला.

"वस्ताद... पण बिरू मला वळखंल का?"

वस्तादांनी मान वर करून मावळतीकडं पाहिलं. सूर्य उसाला टेकला होता.

"न्हाई वळखायचा," ते म्हणाले. "जा लौकर. हात काढून हुबा असंल त्यो."