पेळू कुठे पळाला

वेणुमती नगरीवर सुयाम राजाचा अंमल होता. त्या काळी बोधिसत्त्व राजाच्या श्वानशाळेत शिकारी कुत्रा म्हणून जन्माला आले होते. त्यांचा वेग असा, की हरिणाची सावली हरिणाआधी त्यांच्या पायांखाली येई. एकदा रानडुकराने त्यांचा कान फाडला. वेग होता तसाच राहिला, पण फाटक्या कानाचा कुत्रा राजाशेजारी शोभेना. तेव्हा श्वानाध्यक्ष वल्लकाने तो वेशीजवळच्या भद्रक विणकराला देऊन टाकला. शिकारीचा त्यांनाही उबग आला होताच. विणकराच्या घरी त्यांना भुरा म्हणत. आपणही तेच म्हणू; त्या जन्मी त्यांनी स्वतःसाठी याहून मोठे नाव मागितले नव्हते.

एके दिवशी भद्रकाची बायको सुमना कापणी झालेल्या शेतातून सशाचे एक पिल्लू ओच्यात घालून घरी आली.

भद्रक मागावरून उठलाच. "अगं, घरात शिकारी कुत्रा आहे. तुला ससा पाळायचाय की कुत्र्याला जेवण वाढायचंय?"

"तुमच्या आई आणि मी याच घरात नांदलो," सुमना म्हणाली. "आम्ही खाल्लं का एकमेकींना?"

भद्रक बराच वेळ विचार करीत राहिला. तोवर पिल्लू कापसाच्या टोपलीत झोपलेही होते. टोपलीत सूत काढण्यासाठी वळून ठेवलेले पेळू होते, आणि त्यांतला ससा कोणता हे ओळखू येईना. म्हणून त्याचे नाव पेळू पडले.

पेळूला आपली आई आठवत नव्हती. तिने न शिकवताच दिलेली एक गोष्ट मात्र त्याच्या अंगात होती : भीती वाटली की पळायचे. माग खडखडला, तो पळाला. भांडे पडले, तो पळाला. एका सकाळी छपरावरून कावळा ओरडला आणि पेळू अंगणाच्या या टोकाकडून त्या टोकाकडे सुटला. पुढच्या क्षणी त्याच्या पाठीवर सावली आली. मानेला ऊन श्वास लागला, मग दात लागले.

दात मिटले नाहीत.

पेळूने डोळे उघडले तेव्हा भुरा त्याच्यापासून दूर जात होता. भिंतीपाशी जाऊन तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि संध्याकाळपर्यंत तसाच राहिला. सुमनेने भाकरी पुढे ठेवली, ती त्याने हुंगलीही नाही. त्याच्या खांद्याची कातडी मधूनमधून थरथरत होती.

दिवे लागल्यावर पेळू स्वतःच सरकत त्याच्याजवळ गेला. ससा असून तो असे का करतो आहे, हे त्याचे त्यालाही कळले नाही.

"खायचं होतं तर खाल्लं का नाहीस?" त्याने विचारले.

"खायचं नव्हतं," भुरा म्हणाला. "मी शिकार सोडली रे, पण शिकारीने मला पुरतं सोडलेलं नाही. तू पळालास की माझे पाय माझे राहत नाहीत. मी त्यांना शिकवतोय. तोवर तू पळू नकोस."

"पण मी ठरवून पळत नाही. भीती वाटली की पायच पळतात."

"मग आपल्या दोघांनाही काम आहे," भुरा म्हणाला, आणि त्या दिवशी प्रथमच त्याने भिंतीकडचे तोंड वळवले.

त्यानंतर रोज पेळू दोन उड्या मारी आणि थांबे. भुरा बसल्या जागी थरथरे आणि बसून राही. कधी पेळू थांबायचे विसरे. मग भुरा उठून भिंतीकडे जाई. वर्ष उलटले, आणि ससा कुत्र्याच्या पोटाशी झोपू लागला. शेजारीपाजारी हे पाहायला येत आणि जाताना भद्रकाला बजावत, की आज ना उद्या रक्त सांडणार. यात काळजी किती होती आणि उत्सुकता किती, हे सांगणे अवघड आहे.

गोष्ट राजवाड्यावर पोचली. वल्लकाला ती झोंबली. "महाराज, हा आपल्या श्वानशाळेच्या रक्ताचा अपमान आहे," तो म्हणाला. "कुत्र्याची परीक्षा व्हावी. सशाला मारील तर परत शाळेत घेऊ. न मारील तर असलं रक्त नगरीत शिल्लक राहू नये."

अमात्यांना हे पटले. वल्लकाचा आवाज मोठा असला की त्यांना बहुतेक गोष्टी पटत.

राजवाड्याच्या चौकात लोक दाटले. एका बाजूला साखळ्यांत बांधलेले शिकारी कुत्रे होते, दुसऱ्या बाजूला चांदीच्या ताटात बक्षिसाचे मांस. सुमना भद्रकाचा हात धरून उभी होती. पेळूला चौकाच्या मधोमध सोडले आणि भुऱ्याला समोरच्या टोकाला.

पेळू हलला नाही. तेव्हा वल्लकाने खूण केली आणि पेळूच्या पाठीमागे नगारा वाजला. सशाचा स्वभाव वल्लकाला चांगला ठाऊक होता.

तो आवाज पेळूच्या हाडांत शिरला. माग, भांडे, कावळा, सगळे एकदम त्याच्या अंगात ओरडले. शिकलेले सारे गळून पडले. मागचे पाय आखडले, आणि आता ते पळणार हे त्याला कळले. त्याच क्षणी त्याला भुऱ्याचा खांदा दिसला. कातडी थरथरत होती. तोही भ्यालेला होता, स्वतःच्या पायांना.

पळणे पेळूच्या हाती नव्हते. कुठे पळायचे, तेवढे होते.

तो सरळ भुऱ्याकडे सुटला.

साखळ्यांतले कुत्रे भुंकू लागले. मोठमोठ्या रानांत जिच्यामागे भुरा आयुष्यभर धावला, ती शिकार आपल्या पायांनी कुत्र्याच्या तोंडाशी येत होती. भुऱ्याचे अंग धनुष्यासारखे ताणले गेले. ससा त्याच्या पुढच्या दोन पायांमधून आत शिरला आणि छातीखाली गोळा होऊन बसला. भुरा हळूहळू खाली वाकला. त्याने आपली हनुवटी सशाच्या पाठीवर ठेवली आणि डोळे मिटले. खांदा स्थिर होता.

नगारचीचा हात वरच राहिला. साखळ्यांतले कुत्रे भुंकायचे थांबले आणि एकामागून एक खाली बसले. त्यांना तसे कोणीच सांगितले नव्हते.

राजा आसनावरून उतरला आणि त्या दोघांसमोर धुळीत बसला. अमात्यांनी एकमेकांकडे पाहिले आणि वस्त्रे सावरून तेही बसले.

"याला हे कोणी शिकवलं?" राजाने हलक्या आवाजात विचारले.

"ठाऊक नाही, महाराज," भद्रक म्हणाला. "आम्हाला सुतापलीकडचं काही येत नाही."

राजाने दोघांना घरी पाठवले आणि त्या दिवसापासून राजाची शिकार बंद झाली. आपले मत पहिल्यापासून हेच होते, असे अमात्यांनी संध्याकाळपर्यंत जाहीर केले. चांदीच्या ताटाकडे भुऱ्याने जाताना पाहिलेही नाही.

ही कथा भिक्षूंना सांगून भगवंतांनी तेव्हाचे आणि आताचे धागे जुळवले. सुयाम राजा म्हणजे आजचा सारिपुत्त, ससा म्हणजे आनंद, आणि तो फाटक्या कानाचा कुत्रा म्हणजे मीच, असे ते म्हणाले. वल्लक कोण होता ते त्यांनी सांगितले नाही. मागच्या रांगेतला एक भिक्षू मात्र विनाकारण चीवर नीट करू लागला.

"भगवन्, त्या दिवशी मोठे कोण ठरले?" आनंदाने विचारले.

"मी नुसता उभा राहिलो, आनंदा," भगवंत म्हणाले. "धावत आलास तो तू."

या कथेतला गुण मैत्री.